वाढलं म्हण

"संपलं म्हनू नको गं प्रभा. वाढलं म्हन."

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात वन्संनी मला हे सांगितलं. मी मिठाच्या बरणीत हात घालून सहज म्हणाले होते, "वन्सं, मीठ संपलं." त्या चुलीपुढून उठल्या, बरणीवर झाकण ठेवलं आणि कुणी झोपलंय अशा बेतानं हे बोलल्या. मीठ वाढलं. कुंकू वाढलं. बांगडी पिचकली तरी वाढली. दिवा तोंडानं फुंकायचा नाही. फुलाची पाकळी घेऊन वात दाबायची आणि दिवा वाढवला म्हणायचं. माझ्या माहेरीही असंच बोलत, त्यामुळं शब्दाचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांच्या नजरेचं. बोलताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. उघड्या दारातून अंगणातल्या पेवाकडं बघत होत्या.

वन्सं म्हणजे गोजरबाई, माझी थोरली नणंद. कोवळ्या वयात कपाळ पांढरं करून माहेरी आल्या आणि सासूबाईंच्या माघारी सगळं घर त्यांनीच ओढलं. आमचं गाव वाटूर फाट्यावरून आत आहे. तेव्हा घर मातीचं होतं, आता स्लॅबचं आहे. जुन्यातलं राहिलं ते एवढं पेव.

पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि खाली घागरीसारखं पोट. आतून शेणानं सारवायचं, कडब्याचा थर लावायचा, ज्वारी ओतायची, वर दगड ठेवून कडेनं चिखल लिंपायचा. उन्हाळ्यात ते उघडायचा दिवस आमच्याकडं सणासारखा असे. झाकण सरकलं की आंबूस, उबदार वास सगळ्या आळीत जायचा. त्या ज्वारीची भाकरी थोडी काळपट व्हायची, पण दुधात कुस्करली की तिला जी चव यायची ती मला नंतर कुठंच मिळाली नाही. बंद पेवातली हवा माणूस मारते, म्हणून आधी दोरीला बांधून दिवा सोडत. ज्योत राहिली तर उतरायचं. गेली तर दिवसभर पेव उघडं ठेवायचं.

पण आमच्याकडं दिव्याच्याही आधी ताट जाई. भाकरी, पिठलं, कांदा, ठेचा. वन्सं ते टोपलीत ठेवून हलक्या हातानं खाली सोडत आणि मागं सरून बसत. टोपली वर आली की ताट घासल्यासारखं स्वच्छ असे.

"कोण जेवतं हो, वन्सं?"

"घरचंच हाय."

दुपारी त्या आमच्या पंगतीला कधी बसल्या नाहीत. पाट मांडला की म्हणत, "माझं झालं गं." कधी झालं, कुठं झालं, मी पाहिलं नाही. माझ्याही मागं वार-व्रतं असतात. दुसऱ्याचा उपास कशाला विचारायचा, म्हणून कधी विचारलं नाही.

पुढं ह्यांची नोकरी बदनापूरला, वीज उपकेंद्रावर. आम्ही तिकडंच राहिलो. वन्सं एकट्या गावी. शेवटी आजारी पडल्या तेव्हा माझा हात त्यांच्या दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "पेव उघडलं तर आधी वाढायचं. त्याच्या तोंडाशी त्यो शब्द काढायचा न्हाई. निघालाच, तर मंग टोपलीनं भागत न्हाई. जाऊन वाढावं लागतं."

"तुम्ही गेला होता?"

"बहात्तरला. आबाच्या, तुझ्या सासऱ्याच्या तोंडून निघाल्ता." मग माझा हात दाबून, "पाळशील?"

"पाळीन," मी म्हणाले. त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी पाणी मागितलं.

*

लॉकडाऊनमध्ये भारत, आमचा मुलगा, सुनेला आणि तान्ह्या लेकराला घेऊन मोटारसायकलवर पुण्याहून निघाला आणि शहागडच्या पुलाजवळ अडकला. उन्हात, लेकराला दूध नाही. एका ट्रकवाल्यानं स्टोव्हवर पाणी तापवून भुकटीचं दूध करून दिलं म्हणून निभावलं. लेकरू घरी आलं ते ह्यांच्या मांडीवर पडल्या पडल्या झोपलं. हे मात्र त्या दिवसापासून बदलले.

"अगं, एक खटका खाली केला की अख्खा पट्टा अंधारात जायचा," ते म्हणत. "मी ह्या हातानं करत होतो. हे सगळं जग असंच एका खटक्यावर उभं हाय. पुढच्या खेपेला आपण कुणाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई."

निवृत्त झाल्यावर आम्ही गावी आलो आणि ह्यांनी कामाला सुरुवात केली. बोअरला हातपंप बसवला. छतावर सोलर. खडेमीठ, काडेपेट्या, सुया, दोरा, तापाच्या गोळ्या. गॅस मिळाला नाही तर म्हणून मला मातीची चूल घालायला लावली. गिरणी बंद पडली तर म्हणून माळ्यावरचं जातं खाली काढून पाथरवटाकडून त्याला टाकी लावून आणली. दोन शेळ्या आल्या. ह्यांना वाटे, आपण पुढची तयारी करून राह्यलो. मला वाटे, वन्संचं घर एकेक करून परत येतंय. पहाटे जात्याला हात लावला की ओव्या आपोआप ओठांवर येत, आणि कधी कधी वाटे, खुंट्याला दुसराही हात आहे.

सगळा हिशेब पाच माणसांचा होता. आम्ही दोघं, भारत, वंदना आणि नात अर्पिता. "पाच तोंडं, दोन वर्षं, फाटक बंद," हे म्हणत. मी मात्र वन्संच्या सवयीनं भाकरी एक जास्त करायची.

"ही कुणाची?"

"असू द्या. वरची आहे."

"जग बुडाल्यावर वरची परवडत न्हाई," हे हसून म्हणायचे, आणि तीही खायचे.

*

ह्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी मी देवीची ओटी भरून घरी आले, तर अंगणात पेवाचा दगड बाजूला. खाली चांदपाशा उतरलेला. चांदपाशा गवंडी, ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त. आमच्या घराचा स्लॅब त्यानंच टाकलेला.

"तातेरावभाऊ," खालून त्याचा आवाज आला, "जग बुडायच्या आधी मलाच गाडून राह्यले का काय?"

"गाडलं तर एक तोंड कमी."

"अन् माझी घरवाली मेहरुन्निसा? ती येऊन तुमचं दोन वर्षांचं आठ दिवसांत खाऊन जाईल. बिलकुल सोडणार न्हाई."

हे खो खो हसले. माझ्या हातातली ओटीची थाळी तशीच राहिली. मी म्हणाले, "अहो, आधी ताट..."

तेवढ्यात खालचं हसणं थांबलं.

"भाभी आल्या का? भाभी, हे कवा सारवलं?"

"वन्सं गेल्यापासून बंदच आहे ते."

"ओलं हाय. बोटं उठून राह्यली."

तो शिडीनं वर आला. तळव्याला ताजं शेण लागलं होतं. पेवाच्या तोंडाशी वाकून मी पाहिलं, तर टॉर्चच्या उजेडात भिंतीवर कमानी दिसत होत्या, एकीत एक गुंतलेल्या, डावीकडून उजवीकडं. वन्सं डावखुऱ्या होत्या. त्यांचं सारवण गावात कुणालाही ओळखू येई. चांदपाशानं हात धुतले, पुन्हा धुतले आणि थापी खालीच विसरून निघून गेला. ती न्यायला तो परत आला नाही.

"ओल धरली असंल," हे म्हणाले. मग गुडघे टेकून पेवात डोकावले आणि मोकळ्या आवाजात ओरडले, "आत दाणा न्हाई! सगळं संपलं!"

पेवात हाक घुमते. भारत लहान असताना तोंडाशी पालथा पडून स्वतःचं नाव ओरडायचा आणि ते परत आलं की टाळ्या पिटायचा. हा शब्द परत आला नाही. आत राहिला.

मी म्हणाले, "मला वाढू द्या."

"आक्कानं तुझ्या डोक्यात काय काय भरलं. माणसांना पुरवायचंय, पेवाला न्हाई."

दोन दिवस हवा खेळू दिल्यावर त्यांनी माणसं लावून गहू, ज्वारी, डाळीची पोती आत रचली, आणि दगडाच्या कडेला ह्या खेपेला चिखल नाही, सिमेंट भरलं. मी मनातल्या मनात देवीला म्हणाले, अजून वेळ आहे.

*

चार-सहा दिवसांनी हे दुपारी जेवता जेवता म्हणाले, "आणखी एक हाय का?" मी वरची दिली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन मागितल्या. मग मी पिठाचा हिशेब सोडला. हे जेवायचे, पाणी प्यायचे आणि पाटावरच बसून राहायचे.

"पोटात काही गेल्यासारखं वाटत न्हाई गं."

सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसायला लागली. जालन्याला दोन डॉक्टर झाले. रक्त, लघवी, पोटाचा फोटो, सगळं बराबर. टॉनिक दिलं. परत येताना बसमध्ये ह्यांनी माझ्या पिशवीतला देवीचा प्रसाद काढला आणि लहान मुलासारखा खाल्ला.

आणि भर दुपारी, ऊन अंगणात पांढरं पडलेलं असताना, तो आवाज यायला लागला. थप, थप, थप. मधे थांबून परातीत भाकरी फिरवल्याची एक घसट, मग पुन्हा थप, थप. मी माझे हात पाहिले. ते पोथीवर होते.

ह्यांनाही ऐकू येत असणार. ते रेडिओ लावत.

सुटीत वंदना अर्पिताला घेऊन आली. सासऱ्यांना पाहून ती दारातच थबकली. अर्पिता मात्र सरळ अंगणात गेली, पेवाच्या दगडावर बसली आणि तिथूनच ओरडली, "आजी, खाली कोण भाकऱ्या करतंय?"

"शेजारी असतील," हे जोरात म्हणाले. शेजारचं घर दिवाळीपासून बंद आहे.

त्या दुपारी अर्पितानं वरण-भात खाल्ला, पुन्हा घेतला, भाकरी खाल्ली, दूध प्यायली. मग रिकाम्या वाटीत बघत म्हणाली, "आजी, माझं पोट भरतच नाहीये."

ह्यांचा घास हातात राहिला. ज्या लेकरासाठी हे सगळं मांडलं होतं, ते लेकरू त्यांच्यासमोर बोटानं वाटी पुसत होतं. ते उठले. हात न धुता पहार घेऊन अंगणात गेले आणि सिमेंट फोडायला लागले. मी थांबवलं नाही.

दगड सरकला. आंबूस, उबदार वास वर आला, मी नवी नवरी असतानाचा. टॉर्चच्या उजेडात पोती दिसली. रिकामी. फाटलेलं एकही नव्हतं. तीन तीन घड्या घालून, एकावर एक रचून, वर सुतळीची गुंडाळी ठेवलेली. बाजूला चांदपाशाची थापी, धुऊन पालथी घातलेली.

हे तिथंच बसले. घड्यांकडं बघत म्हणाले, "आक्का पोत्याच्या तीनच घड्या घालायची."

मी तेव्हाच टोपलीतून ताट सोडलं. वर आलं ते तसंच्या तसं. भाकरीचा पापुद्रासुद्धा मोडला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं, पोथीचा अध्याय वाचला, कावळ्याला घास ठेवला. मग मातीच्या चुलीवर स्वयंपाक केला. पिठलं, भाकरी, कांदा, खलबत्त्यात कुटलेला ठेचा. ताट वाढलं. अर्पिता उंबऱ्यात बसून ताटाकडं बघत होती. तिनं मागितलं नाही, आणि ते मला सोसवलं नाही.

हे अंगणातल्या खाटेवरून उठायला लागले. "मी जातो. शब्द माझा होता."

"वचन माझं आहे," मी म्हणाले.

"आई, निदान दोन घास खाऊन जा," वंदना म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"माझं होईल," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की हा आवाज मी पूर्वी ऐकलाय.

चांदपाशाची शिडी अजून तिथंच होती. मी ती आत सोडली. मग समई नाही, वन्संचीच जुनी पणती दोरीला बांधून खाली सोडली. रात्रभर पेव उघडं होतं. ज्योत सरळ उभी राहिली, भिंतीवरच्या कमानी उजळल्या, घड्या घातलेली पोती दिसली. मग ज्योत गेली. फडफडली नाही. एकदम गेली.

मी दोरी ओढली. पणती वर आली. तेल भरपूर होतं. वातीवर शेवंतीची पिवळी पाकळी दाबलेली होती, कडेनं जराशी करपलेली, बाकी ताजी, ओली. वैशाखात शेवंती कुठं फुलते? आमच्या दारात तर ती वन्सं गेल्यापासून नाही.

"दिवा विझला ना?" खाटेवरून हे म्हणाले. "मंग उतरू नको. आतली हवा..."

"विझला म्हणू नका," मी म्हणाले. "वाढला म्हणा."

त्यांनी अर्पिताला जवळ ओढलं. मग हळूच, कुणी झोपलंय अशा बेतानं म्हणाले, "वाढला."

मी पदर डोक्यावरून घेतला, ताट डाव्या हातावर तोललं आणि शिडीवर पहिलं पाऊल ठेवलं. खाली कुणीतरी पाट सरकवला.

मग दुसरा.