किमान सहा खेळाडू

माझ्या कामाला लोक हसतात, खुशाल हसू देत. खोटारडा कोण ते ओळखायचे ऑनलाइन खेळ आमच्या संकेतस्थळावर मी खेळाडूंच्या संख्येनुसार लावते: चार ते सहा, सात ते दहा, त्यापुढचे. चार मित्रांनी जमावं आणि खेळाला पाचवा माणूस लागावा, याइतकं चिडवणारं दुसरं काही नाही. म्हणून बनवणाऱ्यांच्या आकड्यावर आम्ही विसंबत नाही. दुपारी जेवण झालं की एका खोलीत बसून खेळ स्वतः खेळतो, डोकी मोजतो, मग मी वहीत आकडा लिहून सही करते. नऊ वर्षांत माझी एकही नोंद चुकलेली नाही.

सोमवारच्या खेळावर लिहिलं होतं, किमान सहा खेळाडू. आम्ही पाच होतो: साहेब, चित्रं काढणारी ताई, भाषांतर करणारे काका, संगणक सांभाळणारा लंबू आणि मी. तरी खेळ सुरू झाला. मी ‘किमान पाच’ लिहिलं.

साहेबांनी त्यावर काट मारली. “सहा होतो आपण.”

“सहावं कोण, साहेब?”

“डोळे तपासून घ्या एकदा.”

मंगळवारी दुसरा खेळ, पुन्हा तीच काट. तिसरी चूक झाली तर वही ताईकडे जाईल, असं साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांना मोजता येत नाही आणि दोष मला? म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

मी ताईला बाजूला घेतलं. “सगळ्यांची नावं घे बघू.”

ती बोटांवर मोजू लागली. साहेब, काका, लंबू, तू, मी. मग तिनं सहावं बोट दुमडलं आणि माझा दंड धरला.

“हळू बोल गं. ऐकू गेलं तर वाईट वाटेल ना.”

बुधवारी मी जास्तीच्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्या. खोलीत पाच उरल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावून डोकी मोजली. पाच. दार मीच लावलं.

खेळ सुरू झाला. खोलीत नुसते माउसचे आवाज. मग खोटारड्यासाठी मतदान झालं. मी काकांना मत दिलं.

पडद्यावर निकाल आला. काकांना एक मत. मला पाच.

खोलीत माझ्याशिवाय चौघंच होते.

“मोजा साहेब,” मी उभी राहिले. माझा आवाज चढला होता, त्याची मला लाज वाटली नाही. “माणसं पाच आणि मतं सहा. हे कसं?”

“तेच तर तीन दिवस सांगतोय,” साहेब शांतपणे म्हणाले. “सहा लिहा, सही करा. आणि बाद झालात, बाहेर थांबा.”

बाद झालेल्यानं बाहेर थांबायचं, हा आमचा नियम. वही काखेत मारून मी रागानं दार ओढून घेतलं. खेळ आत पुढे सुरू झाला.

दाराला काच आहे. आता चौघंच दिसतील, मग बोलावून दाखवीन एकेकाला, असं म्हणत मी मोजायला लागले.

पाच.

एकही खुर्ची रिकामी नव्हती.

मी पुन्हा मोजलं, एकेका चेहऱ्याकडे नीट बघत. यातलं जास्तीचं कोण, ते मला सांगता येईना.

पाचही जण माझ्या चांगल्या ओळखीचे होते.