चाळीसची पाटी

बंट्या, किल्ली ठेव खाली. आधी आयक, मंग जा दारव्ह्याले. हे गप्पा नोहेत, पोट्टेहो. आपल्या बोरी अरबचा मारोती पिकअपवाला, त्याच्यासंगं घडलेलं हाय.

गेल्या उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस येत नोता. मारोतीच्या बायकोनं, वर्षानं, पाण्याच्या ड्रमाले झाकण आणाले सांगतलं. हा बहाद्दर गेला अन् पुलाजवळच्या वळणावरची वेगमर्यादेची चाळीसची पाटी काढून घेऊन आला. गोल पत्रा, ड्रमावर बराबर बसला. आपण सारे हासलो. आपल्याले कायले पाटी पाह्यजे, वळण त पाठच हाय!

महिनाभरात परगावचं एक पोट्टं फटफटीवर आलं, सुसाट. त्याले वळण माहीत नोतं. पुलाखाली सापडलं. मायबापाले एकुलतं एक. मारोती दोन दिवस जेवला नाही, पण पाटी काही नेऊन लावली नाही. लोक काय म्हणतीन म्हणून. मले अजून राग येते त्याचा... अन् कीवही येते.

मंग आली तान्ह्या पोळ्याची रात. वर्षाले कळा सुटल्या. बाळ आडवं. नर्सबाई म्हणे, "यवतमाळले पळवा." मारोतीनं गाडी काढली. ऐंशी. शंभर. वर्षा बाजूले कण्हून राह्यली. वळण आलं...

पाटीच्या खांबाजवळ कोणी उभं होतं.

यानं कचकन ब्रेक मारला. पाह्यलं त कोणी नाही. नुसता खांब. पुन्हा रेसवर पाय दाबला. काटा चाळीसवर आला... अन् थांबला. पाय पार खाली टेकला. तरी चाळीस.

"दाबा ना वो! जाते माह्यं लेकरू!"

"दाबूनच राह्यलो वं!" मारोती रडाले लागला. "चुकलो रे बाबा... सकाळी लावतो पाटी... आज जाऊ दे..."

चाळीस.

"तुह्या पाया पडतो..."

चाळीस.

यवतमाळचे दिवे दिसले तवा वर्षाचं ओरडणं बंद झालतं.

वर्षा वाचली. लेकरू नाही वाचलं. डॉक्टर म्हणे, अर्धा घंटा आधी आणाले पाह्यजे होतं.

मारोतीनं पाटी लावली. गाडीले पुन्हा हात लावला नाही. परवा मी गेलतो त्याच्याकडे. गाडी अंगणात उभी, चाकं बसलेली, बॅटरी काढून ठेवलेली. काचेवरची धूळ पुसली. टॉर्च मारला आत...

काटा चाळीसवर होता.