होल्टकाम्पांचा मूळपुरुष

"अहो, अहो! पुसून टाकाल त्यांना!"

थेक्ला दचकली. तिच्या हातातला तारेचा ब्रश थडग्यावर तसाच थांबला. मिसुरी नदीच्या चढावरच्या त्या चर्चमागच्या दफनभूमीत चिटपाखरूही नव्हतं, भुरभुर पाऊस पडत होता, आणि कुंपणापाशी उभा असलेला हा उंच, भिजलेला, चष्मेवाला तरुण तिच्यावर ओरडत होता.

"माझे खापरपणजोबा आहेत," ती म्हणाली. "पुसेन नाहीतर ठेवीन, तुम्हाला काय?"

"दगड मऊ आहे हो. शेवाळाबरोबर अक्षरंही जातील. हा घ्या..." त्याने कोटाच्या खिशातून दाढीचा ब्रश काढला.

"तुम्ही इथे येऊन दाढी करता?"

तो हसला, आणि त्याचे कान लालबुंद झाले. थेक्लाला राग यायला हवा होता. तिचं लक्ष मात्र त्या कानांवरून हटेना.

तो एल्मर राउश, गावच्या शाळेतला नवा मास्तर. चर्चला शंभर वर्षं होणार म्हणून पाद्रीबाबांनी शताब्दीचं पुस्तक लिहायला जुन्या नोंदवह्या त्याच्या हवाली केल्या होत्या. त्यांतलं जुन्या जर्मन अक्षरांचं वळण आता गावात कुणालाच वाचता येत नव्हतं. एल्मर ते आजीच्या पत्रांवरून शिकला होता.

थेक्लालाही त्याच वह्या हव्या होत्या. शताब्दीच्या रविवारी तिचे वडील, ऑगस्ट होल्टकाम्प, सगळ्यांसमोर घराण्याची वंशावळ वाचणार होते. आणि ती वाचून झाली की शेत पुतण्याला, नॉर्बर्टला दिल्याचं जाहीर करणार होते. नॉर्बर्ट सेंट लुईसला बुटांच्या दुकानात होता, गाय कुठल्या बाजूने दोहतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण तो होल्टकाम्प होता. "पोरीचं काय, उद्या लग्न होईल," वडील म्हणत, "आणि जमिनीला दुसऱ्याचं नाव लागेल." बारा वर्षांची असल्यापासून थेक्ला त्या शेतात राबत होती. आणि तरी तीच वंशावळ ती इमानाने जमवत होती.

मग दर बुधवारी चर्चमागच्या छोट्या खोलीत वह्या उघडू लागल्या. ती घरचा केक आणी, तो वाचून दाखवी.

"खुर्ची सरकली वाटतं?" एकदा त्याने वहीतून मान वर न काढता विचारलं.

"जमीन उतरती आहे इथली."

"गेल्या बुधवारी ती उलट्या बाजूला उतरती होती..."

"मास्तर, वाचा!"

तो वाचू लागला, आणि मध्येच थांबला. खापरपणजोबांच्या दफनाची नोंद होती ती. 'हेर्मान होल्टकाम्प, जन्माने विट्टे.'

"जन्माने? हे तर लग्न झालेल्या बायकांसाठी लिहितात ना?"

"आजी सांगायची," एल्मर हळूच म्हणाला, "तिकडे जर्मनीत, वेस्टफालियात, नाव माणसाचं नसतं, वाडीचं असतं. वाडी मुलीकडे आली, तर नवरा तिचं नाव लावतो."

त्यांनी वहीत नोंदलेल्या वेस्टफालियातल्या मूळ गावच्या चर्चला पत्र धाडलं. दीड महिन्याने उत्तर आलं. होल्टकाम्प वाडीची एकुलती एक वारस आना मार्गारेटे. तिचा नवरा हेर्मान विट्टे, एका मजुराचा तिसरा मुलगा. पुढे वाडी विकून दोघं मुलांसह अमेरिकेला गेले.

थेक्ला हसत सुटली. "खापरपणजोबा... घरजावई!" मग तिचं हसू विरलं. "चाळीस वर्षं तो दुसऱ्याच नावाने जगला. मग दफनाच्या दिवशी पाद्रीबाबांना त्याचं खरं नाव सांगितलं कुणी?"

"तिनंच," एल्मर म्हणाला. "ती त्याच्यामागे राहिली होती. तेवढं एक तिनं जपून ठेवलं असणार."

थेक्लाला रडू येत होतं, आणि ते लपवावंसं वाटत नव्हतं.

"पुस्तकात तुम्ही सांगाल तेवढंच लिहीन," तो म्हणाला. "वडिलांना वाईट वाटेल असं काही..."

"नाही. चला माझ्याबरोबर."

ऑगस्टनी स्वयंपाकघरात बसून ते पत्र तीनदा वाचलं. भिंतीवर मूळपुरुषाची कुऱ्हाड टांगलेली होती. तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"म्हणजे नाव बाईचं?"

"हो बाबा. आणि कुऱ्हाड विट्टेची."

"ते तेव्हाचं झालं गं पोरी. आज कोण आपलं नाव सोडील? गाव हसेल त्याला."

दारात टोपी चुरगाळत उभा असलेला एल्मर खाकरला. "आम्ही... सहा भाऊ आहोत. एक राउश कमी झाला तर आईला मोजल्याशिवाय कळायचंही नाही."

थेक्ला गर्रकन वळली. "हे आधी मला विचारायचं, की बाबांना?"

"तुम्हाला बुधवारपासून विचारतोय."

"कुठल्या बुधवारपासून?"

"पहिल्या..." कान पुन्हा लाल.

तिने त्याच्या हातातली टोपी काढून घेतली. "तुमचं नाव मी जपून ठेवीन," ती म्हणाली. "मार्गारेटेसारखं."

ऑगस्ट उठले. त्यांनी चुलीवर कॉफी ठेवली. तीन पेले काढले.

शताब्दीच्या रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. ऑगस्टनी कागद उलगडला, चष्मा चढवला. "आमचं घराणं सुरू होतं आना मार्गारेटे होल्टकाम्पपासून," ते म्हणाले आणि गाव कुजबुजू लागलं. ते थांबले नाहीत. एकेक पिढी वाचत शेवटी आले. "मग मी, ऑगस्ट. आणि माझ्यामागे शेत सांभाळणार... थेक्ला."

सगळ्यात जोरात टाळ्या नॉर्बर्टने वाजवल्या. जीव भांड्यात पडला होता बिचाऱ्याचा.

थेक्लाला डोळ्यांतल्या पाण्यापुढे काही दिसेना. ती बाकावर जराशी सरकली.

"बाकही उतरता आहे वाटतं?" शेजारून एल्मर पुटपुटला.

"हो," ती म्हणाली. "आणि आता याच बाजूला राहणार आहे."