खाटेजवळचं बटण

बेळगावच्या शहापुरात कल्याणीबाईंच्या घरी वीज आली ती एकोणीसशे चाळीस साली. घरात माणसं दोनच. कल्याणीबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या, आणि त्यांच्या आई अंबुबाई आतल्या खोलीत पडून असायच्या. अर्धांगानं अंबुबाईंची वाचा गेली होती, उजवा हात तेवढा चालायचा. म्हणून कडोलीच्या भरमू वायरमननं एक युक्ती केली. त्यांच्या खाटेशी एक लोंबतं बटण बसवलं आणि त्याची वायर बाहेरच्या खोलीत, कल्याणीबाईंच्या मेजावरच्या दिव्याला जोडली. अंबुबाईंनी बटण दाबलं की दिव्याची उघडझाप व्हायची आणि लेक उठून आत जायची. त्या दिवशी म्हातारीनं भरमूच्या डोक्यावर हात ठेवला होता.

पुढल्या माघात अंबुबाई वारल्या. त्यांची गादी, लुगडी, सगळं देऊन झालं. महिनाभरानं मेजावरचा दिवा आपसूक उघडझाप करायला लागला. रोज दिवेलागणीला. दोनदा, जरा थांबून पुन्हा दोनदा.

भरमू आला. त्यानं फ्यूज पाहिला, होल्डर बदलला, नवा दिवा लावला. वायर इंच इंच चाचपली.

"बाई, लाईनीत काय दोष न्हाय," तो म्हणाला. "शेजारी लुकलुकतंय काय?"

"नाही. मी विचारून आले."

"मग त्या बटणाचाच घोळ असंल."

त्यानं आतल्या खोलीतलं बटण उतरवलं, वायर पार मेजापर्यंत उपसून गुंडाळली आणि दिवा थेट जोडला. बाहेर अंगणात उजेड सरत आला होता. दोघं दिव्याकडे बघत उभे राहिले.

दिवा विझला, लागला. विझला, लागला.

भरमूच्या हातात वायरीचं वेटोळं तसंच राहिलं. त्यानं हळूच विचारलं, "अंबुआक्का निजंतच गेल्या न्हवं?"

साऱ्या गल्लीला कल्याणीबाईंनी तसंच सांगितलं होतं. आत्ताही त्या "हो" म्हणणार होत्या. पण खुर्चीवर बसल्या आणि बोलायला लागल्या.

"परीक्षेचे पेपर होते, भरमू. दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. आईचं दर पाच मिनिटांनी चाललेलं. पाणी दिलं, कूस वळवली, तरी पुन्हा दिवा. शेवटी मी दिवाच काढून ठेवला. कंदील लावला आणि पेपर तपासत बसले."

"मग?"

"पेज घेऊन आत गेले, तर अंग गार पडलं होतं. अंगठा बटणावर होता. किती वेळ दाबत होती, कुणास ठाऊक. सोडवता सुटेना."

दिवा पुन्हा दोनदा विझला.

"बाई," तो म्हणाला, "ह्ये माझ्या हातातलं काम न्हाय. तुमी एकदा ओ तरी द्या."

कल्याणीबाई उठल्या. आतल्या खोलीत अंधार होता. उंबऱ्याशी त्यांचे पाय अडले.

"ओ, आई," त्या म्हणाल्या. "आले गं."

बाहेरचा दिवा स्थिर झाला.

त्या खाटेच्या कडेला टेकल्या. बराच वेळ गेला. उजेडाची पट्टी उंबऱ्यावर हलली नाही.

"थांबलं बगा," बाहेरून भरमूचा आवाज आला. "येतो मी."

त्याला दारापर्यंत पोचवायला त्या उठल्या.

दिवा विझला, लागला.

त्या बसल्या. दिवा स्थिर.

पुन्हा अर्धवट उठल्या. दिवा विझला.

बाहेरचं दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. भरमूची पावलं गल्लीत लांब गेली.

कल्याणीबाईंनी रिकाम्या खाटेवर हात टेकला. नवार गार होती. मग हात थोडा पुढे सरकला. तिथं, एक माणूस कुशीवर निजेल एवढ्याच जागेत, ती उबदार होती.