कापलेली पाठवणी

माझी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या शेखरचा निरोप आला तेव्हा मी अंगणात नाचणी पाखडत होते. "आत्या, शहापूरला स्टुडिओत येऊन जा." म्हटलं, चालत नाही म्हणून माझा नवा अल्बम काढून टाकायचा असेल. टाक बाबा. माझ्या पहिल्या अल्बमची हळदीची गाणी डोळखांबपासून मुरबाडपर्यंत मांडवामांडवात वाजली. हा दुसरा, माझ्याच शब्दांचा, तर लोक म्हणाले, रडगाणी. म्हणोत. शाळेची पायरी न चढता अक्षर शिकले मी, कुणाच्या शाबासकीसाठी नव्हे. पण थकले, हे खरं.

स्टुडिओत भरदुपारी अंधार. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, ओल्या कापसाचा वास.

"आवतणाचं गाणं ऐका, आत्या... तुमच्यामागं कोण गातंय?"

आमच्या हळदीत मेलेल्यांना नाव घेऊन आवतण देतात. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं झेलायची. माझी जोडीदारीण म्हणजे माझी जाऊ, भिमी. ती दोन वर्षांमागं गेली. म्हणून गाण्यात मी एकटीच होते, आणि आवतण होतं तिलाच.

आता ओळीओळीमागं तिचा घोगरा आवाज होता.

"तू मिसळलास?"

"देवाशपथ नाय. पयलं एकाच ओळीमागं होता हा आवाज. आता सगळं गाणं... माझी पोरगी इथं पाय टाकत नाय. म्हणते, भिंतीशी बाई बसलीय."

"बसणारच! गाणं लांबतं म्हणून पाठवणीची कडवी कापायला लावलीस, आणि मी म्हातारी तुझं ऐकत बसले."

बोलावलेल्याला पाठवावंच लागतं. पाठवणीची शेवटची ओळ त्यानं झेलली, की तो गेला. नाहीतर राहतो.

"लाव माइक."

कानाला हेडफोन लावून पाठवणी म्हणू लागले. भिमी झेलत होती. जितेपणी कधी वेळेवर आली नाही बया, आणि आली की बांगड्या उतरवून बसायची, उठायचं नाव नाही; आता एक ओळ चुकवेना. एवढ्या मुलखात माझं गाणं हिनंच मनापासून ऐकलं, आणि हिलाच मी घालवत होते.

शेवटची ओळ म्हटली. 'आल्या वाटेनं जा गो बाय, मागं नको पाहू.'

काहीच नाही.

पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा आवाज फाटला.

"झेल ना गो, भिमे... दमले मी."

"मी पन दमले, जने... बसू दे जरा."

शेखरनं घाबरून वायर उपटली, मशीन बंद केलं. हेडफोन माझ्या कानावरच होते. आत कुणीतरी हातातल्या बांगड्या सावकाश उतरवून ठेवत होतं... एकेक.