काहीही राखून ठेवलेले नाही

कोरेगावच्या माझ्या घरावर मी स्वतःच्या हातानं पाटी लावली. 'घर विकणे आहे. दलालांनी येण्याची तसदी घेऊ नये.' पाटी लावून तास झाला नसेल, तोवर तात्याबा दलाल ओट्यावर येऊन बसला.

"वाचता येतं ना रे?" मी विचारलं.

"येतं की. म्हणून तर आलो," तो म्हणाला आणि चंची सोडून पान लावायला लागला.

मी पलटणीच्या कोठारात अठरा वर्षं काढलेला माणूस. माल जसा असेल तसा दाखवायचा, जसा असेल तसा लिहायचा, एवढंच मला येतं. दलालांचं सगळं उलटं. ओली भिंत दिसू नये म्हणून पुढं कणगी सरकवतील, मोडकं दार आधीच उघडून ठेवतील. माझ्या घराचे सगळे दोष मी एका कागदावर लिहून काढले होते. मागच्या भिंतीला बारमाही ओल. परसाकडचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. स्वैपाकघराची चौकट चार बोटं खाली बसलेली. ती मीच बसवली होती आणि नऊ वर्षं दर रजेला तिथं मीच कपाळ आपटून घेत होतो.

घर विकायची घाई होती ती अंबूसाठी. माझी बायको अंबू छातीच्या दुखण्यानं मिरजेच्या दवाखान्यात पडून होती आणि हे घर गेल्याशिवाय तिचे उपचार पुरे होणार नव्हते. आम्हाला मूलबाळ नाही. लढाई संपून मी नुकता परत आलो होतो, आता कुठं दोघं एकत्र राहणार होतो. अंबू बरी होऊन माझ्यासमोर बसली की घर गेलं तरी बेहत्तर, असं माझं साधं गणित होतं.

तात्याबानं पान तोंडात टाकलं. "ईक बाबा तूच. मला न्हाई राग. पर केरबा, चुलीचा एक दगड उचलून संगं ने. आन् कागदावर काय तरी राखून ठेव, एखादा खुंटा का हुईना. भरलं घर पार झाडून देऊ नये गड्या."

आमच्या भागात हे सगळेच करतात. घर विकणारा गडबडीत विसरतो आणि दलालच त्याला दगड उचलायला लावतो. मला ते खुळचटपणाचं वाटायचं. विकलं म्हणजे विकलं. एक खुंटा मागं ठेवणं ही गिऱ्हाइकाशी लबाडीच की.

"आमच्या कोठारात असलं चालत नव्हतं," मी म्हणालो. तात्याबा हसला आणि उठून गेला.

चार दिवसांनी नाथाजी आला. लोणंद स्टेशनात पॉइंटमन, माझ्यापेक्षा वीतभर उंच, बोलायला मऊ.

"घरी कोण कोण?" मी विचारलं.

"कुणी न्हाई. एकलाच हाय."

मी कागद काढून दोष वाचायला सुरुवात केली. मागच्या भिंतीपाशी नेऊन म्हटलं, "हात लावून बघा." त्यानं लावला. मग मीही लावला. भिंत कोरडी ठणठणीत होती. परसाकडच्या दाराला तो खांदा लावेल म्हणून मी बाजूला झालो, तर त्यानं बोटानं ढकललं आणि दार उघडलं.

"चांगलं हाय की वो," तो म्हणाला. स्वतःच्या घराची नालस्ती करणारा विक्रेता त्यानं पहिल्यांदाच पाहिला असणार.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि परत उघडायला गेलो. उघडेना. सात वेळा करून पाहिलं. शेवटी खांदा दुखावला. मागची भिंत पाहिली तर ओलीचा डाग तिथंच होता, बोटाला पाणी लागत होतं. लाकूड हवेनं फुगतं आणि बसतं, असं मी स्वतःला समजावलं, पण भिंतीचं काय ते समजावता आलं नाही.

दुसऱ्या खेपेला तो संध्याकाळच्या गाडीनं आला. दिवे लागले नव्हते. मी कंदील शोधत होतो, तोवर हा सरळ स्वैपाकघरात गेला, वाकला नाही की थांबला नाही, त्या ठेंगण्या चौकटीतून ताठ मानेनं आत गेला. अंधारात कोनाड्यात हात घालून त्यानं काड्यांची पेटी काढली.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"हितंच असती की," तो म्हणाला आणि मग स्वतःच गोंधळून माझ्याकडं बघत राहिला.

त्याच्या मागोमाग मी आत गेलो आणि कपाळ आपटलं.

खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. राग आला घराचा. या भिंतींचा चिखल मी तुडवला होता, कौलं चढवताना पडून कोपर फोडून घेतलं होतं. रजेचा एकेक दिवस मी या घराला दिला होता. परका माणूस आला की ते नटायचं, आणि मी एकटा उरलो की तोंड फिरवायचं. मला वाटत होतं मी घर विकतोय. प्रत्यक्षात ते मलाच बाहेर काढत होतं. असल्या फितूर घराची एक काडीही मला नको होती.

त्याच तिरीमिरीत मी खरेदीखताचा मसुदा लिहिला. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, नेहमीचं सगळं लिहिलं. खाली माझ्या पदरची एक ओळ घातली : 'सदर घरात आजवर जे जे माझे म्हणून होते ते सर्व खरेदीदारास दिले असून मी काहीही राखून ठेवलेले नाही.'

कचेरीत तात्याबा साक्षीला आला होता. ती ओळ त्यानं दोनदा वाचली.

"ही खोड केरबा."

"का? खोटं आहे का त्यात?"

"खोटं न्हाई. म्हणूनच म्हणतो, खोड." मी ऐकलं नाही. त्यानं सही केली, पण निघताना माझ्याकडं पाहिलं नाही.

किल्ली देताना मी नाथाजीला सहज विचारलं, "एकटेच राहणार एवढ्या घरात?"

"एकला कशापायी?" तो म्हणाला. "मंडळी यायची हायत. दुखणाईत हायत जरा." मला वाटलं, पहिल्या खेपेला माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल.

ट्रंक उचलून मी निघालो. शेजारची बनाबाई अंगण झाडत होती. नऊ वर्षांची शेजारीण, अंबूची जिवाभावाची. तिनं खराटा थांबवला.

"पावणं, नाथाजीकडं आला हुता व्हय?"

म्हातारीची नजर गेली असेल, म्हणून मी पुढं झालो.

मिरजेत अंबूवर उपचार झाले. दोन महिने ती तापात होती, डोळे मिटलेले. मी रोज दूध न्यायचो, उशाशी बसायचो. चैत्रात डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. सांगलीत गावभागात मी खोली घेतली होती. तिला टांग्यातून तिथं आणलं.

ती सतरंजीवर बसली. गाल भरले होते. श्वास नीट चालला होता. मी समोर बसलो. मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं.

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"लय केलंसा तुमी माझ्यासाठी. सख्ख्या भावानं केलं नसतं."

मी हसलो. थट्टा वाटली.

"आता येवढं करा. कोरेगावला पत्र टाका. आमच्या मालकांस्नी म्हणावं, बरी झाली, न्यायला या."

"अंबू," मी म्हणालो.

ती दचकली. परक्या पुरुषानं नाव घेतल्यावर बाई मागं सरते तशी मागं सरली.

"कोण तुझे मालक?"

"नाव कसं घ्यावं?" ती लाजली. "लोणंदच्या स्टेशनात असत्यात की."

मग तिनं आपणहून सांगितलं. घरावर कौलं चढवताना ते शिडीवरून पडले, कोपर फुटलं, तिनं रात्रभर हळद दाबून धरली. अजून वण आहे म्हणे.

मी बाही वर केली. कोपर साफ होतं.

पोस्टकार्ड काढलं. ती सांगत गेली तसं लिहीत गेलो. पत्ता तिला सांगावा लागला नाही.

मी कार्ड वाळत ठेवलं. तिला माझी दया आली असावी. अगदी मायेनं तिनं विचारलं,

"आन् तुमची मंडळी कुठं असत्यात?"