ओकोटिलो गल्लीतला शेजार

दिवा राहू दे तसाच. या विभागाच्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं, पण ही गोष्ट मी अंधारात सांगत नाही. उद्या तुम्ही पोरं वस्त्यांत माहिती गोळा करायला जाणार, म्हणून सांगतो.

टेसा ब्रॅनिगन तुमच्यासारखीच इथे मानववंशशास्त्र शिकायची. ओरेगनच्या किनाऱ्यावरची, पावसातली पोर. फिनिक्सला आल्यापासून तिचा दिवस वर्ग, वाचनालय आणि खोली एवढ्यातच संपायचा. रात्री सिंकपाशी उभ्यानंच काहीतरी खायची आणि फोनवर अनोळखी माणसांच्या गप्पा लावून झोपायची.

ऑगस्टमधला शेवटचा गुरुवार होता. वर्गावर शिकवणाऱ्या व्हॅलेन्झुएला बाईंनी काम दिलं होतं. शहराच्या कडेला वाळवंटात नवी वस्ती उठतेय, तिथल्या लोकांना विचारायचं, तुमचा शेजारी कोण? तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत, तर तुमचं दार कोण वाजवेल? ऊन उतरल्यावर टेसा गाडी घेऊन निघाली.

ओकोटिलो गल्लीत सगळी घरं एकाच रंगाची. दार कुणी उघडेना. दारावरच्या कॅमेऱ्यातून नुसता आवाज यायचा, काही नको आम्हाला. एकाला वाटलं, ही सोलर विकायला आलीय. छपरावर बसवून झालं, आता काय डोक्यावर बसवणार, असं त्यानं सुनावलं.

अंधार पडला. ती परत फिरणार, तोच गल्लीच्या टोकाचं दार उघडलं. दारात एक म्हातारा उभा. एवढ्या उकाड्यात शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"शेजाऱ्यांचंच विचारत फिरतेस ना? ये आत."

आत दिवा नव्हता. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड काय तो खिडकीतून येत होता. नाव विचारलं तर ऑर्व्हिल टेट म्हणाला. मग तो बोलायला लागला आणि टेसा हरखून गेली. त्याला अख्खी गल्ली पाठ होती. समोरची मरिएल कुत्र्याला फिरवता फिरवता फोनवर बहिणीशी भांडते. तिच्या पलीकडचा माणूस सारखी बॅग भरतो, पण जात कुठेच नाही. कोण रात्री खोकतं, कोण नळ सोडून रडतं, सगळं त्याला ठाऊक.

"आणि ते तुम्हाला ओळखतात?" टेसानं विचारलं.

म्हातारा खिडकीबाहेर, समोरच्या घरांकडे बघू लागला.

खोली तापत चालली होती. एसीचा आवाज नव्हता. टेसाच्या अंगाला आधी घाम फुटला. मग घाम यायचाच थांबला. जीभ कोरडी पडली. उठावंसं वाटत होतं, पण पाय उचलेनात.

"तू दोन दिवस दिसली नाहीस..." म्हातारा हळू म्हणाला, "तर तुझं दार कोण वाजवेल?"

ती आठवू लागली. आई लांब. वर्गातली मुलं... नाही. भिंतीपलीकडे एक मुलगी राहायची. तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. तिचं नाव...

नाव माहीत नव्हतं.

"कुणी नाही," टेसा म्हणाली.

"मग बस ना..."

ती बसली.

 

डोळे मिटत आले...

खिडकीवर थाप पडली. कुत्रं भुंकलं. समोरची मरिएल होती. कुत्रं त्या खिडकीखालून हलेना, म्हणून तिनं आत उजेड टाकला होता. दाराला बाहेरून कुलूप होतं. शेवटी तिनं काच फोडून टेसाला बाहेर ओढलं आणि डोक्यावर पाणी ओतलं.

टेसा भानावर आली. आतल्या म्हाताऱ्यालाही काढा म्हणू लागली. नाव सांगितलं. मरिएलचा चेहरा उतरला.

"मागच्या जुलैत त्याचा एसी बंद पडला होता," ती म्हणाली. "आम्हाला वास आल्यावर कळलं." मग बराच वेळ कुत्र्याची दोरी हाताला गुंडाळत राहिली. "समोरच राहते मी."

तिनं टेसाला आपल्या घरी नेलं, इस्पितळात चल म्हणाली. टेसा ऐकेना. अंगात त्राण येईपर्यंत पाणी पीत बसली आणि निघाली.

गाडी सुरू केली.

टिंग... टिंग... टिंग...

बाजूला कुणी पट्टा न लावता बसलं की वाजते, ती घंटी. बाजूची सीट रिकामी होती. त्या गाडीत टेसाच्या शेजारी आजवर कुणी बसलंच नव्हतं.

तिनं पुन्हा तिकडे पाहिलं नाही. समोर बघत चालवत राहिली. घंटी वाजत राहिली.

हमरस्त्याला लागताना, खट्. घंटी थांबली.

वसतिगृहाशी पोचताच ती उतरून धावत वर गेली आणि आधी शेजारचं दार वाजवलं. हाक मारायला नाव नव्हतं, म्हणून नुसतंच वाजवत राहिली. मुलगी बाहेर आली. अनाइस तिचं नाव. तिनं टेसाचं सगळं ऐकून घेतलं, हात धरला, आणि दोघी खाली आल्या.

गाडीत उजेड टाकला तो अनाइसनं.

बाजूच्या सीटचा पट्टा लावलेला होता. पण सीटला टेकलेला नव्हता तो... एखाद्या माणसाच्या छातीवरून गेल्यासारखा, पुढे फुगून, ताठ उभा होता.